गोपनारायण साहेबांचं पाणी

गोपनारायण साहेब चहा कधी गरम प्यायले नाहीत. टपरीवरून चहा आला की ते कप घेऊन मशीनघरात जायचे आणि चिलरच्या लोखंडी पायावर ठेवायचे. चिलर म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र. आडव्या टाकीसारखं, दोन खाटा एकीपुढे एक ठेवल्या तर होईल एवढं लांब. साहेब कपासमोर उकिडवे बसायचे आणि चहाकडे बघत राहायचे. चहावर बारीक गोल उठतात का, उठले तर काठापर्यंत जातात का, हे ते पाहायचे. पाहून समाधान झालं की निवलेला चहा दोन घोटांत संपवायचे. नव्या बायांना वाटायचं, साहेबांचं डोकं फिरलं आहे. हौदावरची सुभद्राबाई म्हणायची, "चहात भविष्य पाहून राहिला बाप्पा हा मानूस."

आमचा कारखाना अमरावतीच्या बाहेर, एमआयडीसीत. संत्र्याचा. चांदूर बाजाराकडून टेम्पो येतात. आम्ही बाया फळ निवडतो, थंड पाण्याच्या हौदात धुतो, वाळवतो आणि पेट्यांत भरतो. तोडलेल्या फळाच्या पोटात शेतातलं ऊन असतं. ते काढल्याशिवाय फळ साठवणीत टिकत नाही, म्हणून हा थंड हौद. हौदाच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या असतात आणि दिवसभर हात पाण्यात.

ते पाणी चिलरमधून येतं. चिलरच्या पोटात बोटाएवढ्या जाड पुष्कळ नळ्या आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नळ्यांतून अमोनिया फिरतो आणि नळ्यांच्या भोवतीनं पाणी वाहतं. अमोनिया ज्यानं एकदा हुंगला तो विसरत नाही. डोळे उघडत नाहीत, घसा बंद होतो. साहेब नव्या बायांना पहिल्याच दिवशी मशीनघरात नेऊन दाखवायचे आणि सांगायचे, "तुमचा हात अन् हा अमोनिया, याच्या मधात फक्त एक नळी हाय. तिचं लोखंड नखापेक्षा थोडं जाड." मग स्वतःचं नख दाखवायचे.

साहेब राहायचे अकोल्याला. रोजचं अपडाउन. पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत, पुढं ऑटोनं. आधी एका वीज केंद्रात कामाला होते, तिथून आमच्याकडे आले. घरी बायको आणि एक मुलगी. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा विषय निघाला की साहेबांचा चेहरा बदलायचा. आमच्याकडची नोकरी त्यांनी तिच्यासाठीच धरून ठेवली होती, असं ते एकदा जेवताना म्हणाले होते. वर्षातून एकच रजा घ्यायचे, अशोक विजयादशमीला नागपूरला जायला. बाकी ताप असला तरी यायचे. बुटके, सावळे, खिशात लाकडी मुठीचा एक लांब पेचकस. पेचकसाचं टोक ते चिलरला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचे. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

त्यांना राग आला की ते ओरडत नसत, 'आपण' म्हणायला लागत. एकदा चौकीदार मशीनघराच्या दाराशी विडी पेटवत होता. साहेब त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आपण गेटच्या बाहेर जावं, आपली विडी आरामात ओढावी, अन् मंग आपल्याले वाटलं तं परत यावं." चौकीदारानं विडी चपलेखाली विझवली. नंतर तो आम्हाला म्हणाला, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणखी एक त्यांचं बोलणं होतं. कोणी बिघाड सांगायला आलं, साहेब मशीन खराब झाली वाटते म्हणालं, की ते हात वर करून थांबवायचे. "वाटलं काय ते मंग सांग. पयले दिसलं काय ते सांग." माणूस गोंधळायचा, आठवायचा, आणि मग नीट सांगायचा, इथून पाणी ठिबकत होतं, असा आवाज येत होता. या सवयीनं आमच्या कारखान्यातली निम्मी भांडणंही मिटायची. बायका एकमेकींबद्दल सांगायला आल्या तरी साहेब हेच विचारायचे.

मी नांदगाव खंडेश्वरकडची, लग्न होऊन अमरावतीला आले. चौथीपर्यंत शाळा. बोलायची मला लहानपणापासून भीती. चार माणसांत आवाज फुटत नाही. हौदावर शेजारणीला सरक म्हणायचं असलं तरी मी कोपरानं सांगायचे. साहेबांना पाणी तपासायला एक माणूस पाहिजे होता. आधी एक मदतनीस ते करायचा, पण तो न तपासताच ठीक आहे म्हणायचा. एका दुपारी साहेब हौदाशी येऊन उभे राहिले, बराच वेळ सगळ्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

सुभद्राबाई म्हणाली, "साहेब, रेखा मुकी हाय. तिच्यानं काय होनार हाय?"

"मले पान्याची खबर पायजे," साहेब म्हणाले, "भाषन नाई पायजे."

बाया हसल्या. मी जमिनीत जाऊ का असं मला झालं. पण दुसऱ्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं आणि आजही माझ्याकडेच आहे.

काम असं. हौदात येणाऱ्या पाण्यातलं थोडं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं. त्यात एका औषधाचे थेंब टाकायचे. औषधाचं नाव लांबलचक आहे, मला ते अजून नीट म्हणता येत नाही. पाणी जसंच्या तसं राहिलं तर चांगलं. त्यात अमोनिया आला असेल तर पाणी गुलाबी होतं, होळीच्या दिवशी धुतलेल्या कपड्यांतून शेवटी निघतं तसं. मग बाटली खिडकीत ठेवायची, मशीनघर आणि हौदाची खोली यांच्यामधल्या. तिथून ती सगळ्यांना दिसते. कागदावर लिहिलेलं साहेबांना नको होतं. ते म्हणायचे, लिहिलेलं एकटा साहेब वाचतो, बाटली सगळ्यांना वाचता येते.

मला एकच काळजी लागली. पाणी गुलाबी झालं आणि मला ओरडता आलं नाही तर? ही गोष्ट मी कोणाला बोलले नव्हते. साहेबांनी ती कशी ओळखली माहीत नाही. दोन-तीन दिवसांनी त्यांनी काम थांबवलं, सगळ्या बायांना गोळा केलं आणि सांगितलं, "हे रेखाबाई बाटली हातात घेऊन दारात उभी राहिली, की हात भाईर काढाचे अन् गेटकडे निंगाचं. काहून म्हनून विचाराचं नाई. ते काई बोलनार नाई. तिले बोलाचं कामच नाई."

मग त्यांनी मला बाटली देऊन दारात उभं केलं आणि सगळ्यांकडून ते करून घेतलं. बाया हसत हसत गेटपर्यंत गेल्या. सुभद्राबाई तर पोलिसाला शरण आल्यासारखी दोन्ही हात वर करून गेली. दर हंगामाच्या सुरुवातीला साहेब हे करायला लावायचे. मला लाज वाटायची, पण रात्री घरी झोप लागायला लागली. माझ्यासाठी कोणी असं काही बसवून दिलं नव्हतं आधी. बोल, बोलायला शीक, असंच सगळे सांगत आले होते. या माणसानं न बोलता भागेल अशी सोय केली.

त्या वर्षी आंबिया बहाराचं फळ एकदम आलं. टेम्पोंची रांग गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. ऊनही जास्त होतं. हौदातलं फळ वेळेत निवत नव्हतं आणि मागचे टेम्पो उभेच राहत होते. शेतकरी टेम्पोतच गोणपाट अंथरून झोपत. चिलरला पाणी द्यायला आमच्याकडे दोन पंप. एक चालवायचा आणि एक राखीव ठेवायचा, अशी पद्धत. शेठजी म्हणाले, दोन्ही लावा. साहेब आधी नाही म्हणाले. मग गेटवर जाऊन टेम्पो पाहून आले. तळहातावर बोटानं काहीतरी हिशेब केला, पुन्हा पुसल्यासारखं केलं, पुन्हा केला. शेवटी म्हणाले, थोडे दिवस चालेल. दुसऱ्या पंपाचं बटन त्यांनी स्वतः दाबलं. मी तिथंच बाटली घेऊन उभी होते.

काम झपाट्यानं व्हायला लागलं. रांग कमी झाली. शेठजींनी खुशीत सगळ्यांना गिलावडा खाऊ घातला. सुभद्राबाईनं साहेबांना विचारलं, हे आधीच काहून नाई केलं? साहेब हसले नाहीत. चहा घेऊन आत गेले.

दोन पंप लागल्यापासून मशीनघरात एक बारीक गुणगुण यायला लागली होती. ओठ मिटून एखादी बाई लेकराला थोपटताना करते तशी. सवय झाली की ऐकू येत नसे. पण चहावरचे गोल काही केल्या थांबत नव्हते. साहेबांनी कप टोकाला ठेवून पाहिला, तिथं कमी. मधोमध ठेवला, तिथं जास्त. पेचकस लावून ते इतका वेळ ऐकत बसले की त्यांची ऑटो निघून गेली.

बायांनी विचारलं, हा आवाज कशाचा? साहेबांनी सगळ्यांना बाहेर नेलं. आमचे ॲप्रन वाळत घालायची तार तिथं होती, दोन खांबांना बांधलेली. वारा सुटला होता आणि तार घूं करत होती. साहेबांनी सुभद्राबाईला तार मधोमध धरायला सांगितली. तिनं धरली. आवाज बंद. सोडली, पुन्हा सुरू.

"आता सांगा," साहेब म्हणाले, "हे तार तुटन तं कोठी तुटन?"

आम्ही सगळ्यांनी मधली जागा दाखवली. साहेबांनी आम्हाला खांबापाशी नेलं. तार जिथं खिळ्यावरून गेली होती तिथं ती घासून चकचकीत झाली होती, पातळ.

"हालते मधात, पन झिजते खिळ्यापाशी. आपल्या चिलरमधी अशाच नळ्या हायत. मधात आडवे पत्रे हायत, त्याच्या भोकातून नळ्या गेल्या. पानी हळू असलं तं नळी गुमान बसते. पानी जोरात सोडलं का तोच पान्याचा वारा होते. नळी थरथरते अन् पत्र्याच्या भोकात घासते."

सुभद्राबाई म्हणाली, मग बंद करा ना एक पंप. साहेब त्याच पावली शेठजींकडे गेले. शेठजी म्हणाले, फक्त दोन दिवस द्या, एवढी रांग संपू द्या. साहेब परत आले आणि दोन्ही पंप चालू राहिले.

दोन दिवस पुरे झाले नाहीत. सकाळी मी बाटलीत थेंब टाकले आणि पाणी गुलाबी झालं. फार नाही, अगदी फिकट. मी दुसरी बाटली घेतली. तीही तशीच. मी दारात जाऊन उभी राहिले. सुभद्राबाई सुनेची काहीतरी गोष्ट सांगत होती. तिनं मला पाहिलं आणि तिची गोष्ट अर्ध्यात तुटली. एका क्षणात हौदातून सगळे हात बाहेर आले. कोणी काही विचारलं नाही. संत्री पाण्यावर तशीच डोलत राहिली आणि बाया ओल्या हातांनी गेटकडे निघाल्या. साहेब तेव्हाच ऑटोतून उतरत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, पिशवी चौकीदाराच्या हातात दिली आणि आत पळाले.

एक नळी गळत होती. साहेबांनी नळ्यांतला अमोनिया मागच्या टाकीत ओढून घेतला, चिलरची दोन्ही तोंडं उघडली, साबणाचं पाणी लावून ती नळी शोधली आणि तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी बुचं ठोकली. आता त्या नळीत काही येणार नाही, जाणार नाही. हौद धुतला, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी एकाच पंपावर काम सुरू झालं. माझी बाटली स्वच्छ होती. शेठजी येऊन तिच्याकडे पाहून गेले, साहेबांच्या पाठीवर हात ठेवून गेले.

साहेबांनी चहा मागवला, चिलरवर ठेवला. एकाच पंपावर पूर्वी तो चहा आरशासारखा राहायचा. आता हलत होता.

त्यांनी पुन्हा मागवला. पुन्हा हलला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, आत काहीतरी सुटं झालं आहे. मला समजलं नाही, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. बूच मारलं म्हणजे नळी मेली असं आपण समजतो, पण ती आतच असते. पत्र्याच्या भोकापाशी घासून घासून ती तुटली असेल, तर तिचं मोकळं टोक पाण्यात हलतं आणि शेजारच्या नळ्यांवर आपटत राहतं. त्या नळ्या अमोनियानं भरलेल्या आहेत. एक फुटायची ती मग चार-पाच एकदम फुटतील. त्या वेळी बाटली घेऊन दारात यायला मलाही वेळ मिळणार नाही.

याला एकच उपाय होता. चिलर पूर्ण बंद करायचं आणि नळ्या ओढून काढून पाहायच्या. म्हणजे ऐन हंगामात, दिवाळीच्या तोंडावर, कारखाना कितीतरी दिवस बंद.

शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी साहेबांना गेटपर्यंत नेऊन टेम्पो दाखवले. हे फळ मी परत पाठवलं तर लोकं फेकतील का खातील, म्हणाले. आणि तुमचीच बाटली चांगली सांगून राहिली ना.

साहेब म्हणाले, "बाटली आजचं सांगते. उद्याचं नाई सांगत."

बाया शेठजींपेक्षा जास्त चिडल्या. बंद म्हणजे रोजी बंद. जेवणाच्या सुट्टीत त्या साहेबांच्या भोवती जमल्या. सुभद्राबाई त्यांना रोज जय भीम घालणारी, त्यांच्या डब्यातली चटणी हक्कानं घेणारी, तीच पुढं होती.

"साहेब, तुमाले महिन्याचा पगार हाय. आमाले रोजची चूल हाय. कपात चहा हालला म्हनून आमच्या लेकरायनं दिवाळीत उपाशी बसाचं काय?"

साहेबांनी डबा बंद केला. कोणाकडे न पाहता ते उठले, मशीनघरात गेले आणि मोठा स्विच ओढला. मग फ्यूज काढून पँटच्या खिशात टाकले. पंपाचा आवाज थांबला तशी सगळ्या कारखान्यात अशी शांतता झाली की टेम्पोत झोपलेले शेतकरी उठून बसले.

शेठजी आले. त्यांनी फ्यूज मागितले. साहेब म्हणाले, "आपण मालक आहात. आपण दुसरे फ्यूज आणून लावावे. पण तोपर्यंत मी हौदापाशी बसतो. एकाही बाईले हात घालू देनार नाई."

त्यांनी 'आपण' म्हटलं तेव्हा चौकीदारानं मान खाली घातली. शेठजींनी हौदाकडे पाहिलं, गेटबाहेरच्या टेम्पोंकडे पाहिलं. मग म्हणाले, ठीक आहे, उघडा. पण आत काही निघालं नाही, तर उद्या येऊ नका.

अकोल्याहून दोन फिटर आले, साहेबांच्या जुन्या ओळखीचे. आम्हाला काम नव्हतं तरी बऱ्याच बाया रोज यायच्या आणि दाराशी बसायच्या. काही निघावं असं वाटायचं की निघू नये, ते आमचं आम्हालाच कळत नव्हतं. साहेबांची मुलगी अजून शिकत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

बूच मारलेली नळी ओढली. अर्धीच बाहेर आली. टोक तुटलेलं, चाकूसारखं. उरलेली अर्धी दुसऱ्या बाजूनं निघाली. मग शेजारच्या नळ्या काढल्या. प्रत्येकीवर जिथं जिथं पत्रा येत होता तिथं चकचकीत पट्टा, आणि एका अंगाला चपटं झालेलं. साहेबांनी त्यातली एक दाराशी आणली आणि सुभद्राबाईच्या हातात दिली. तिनं चपट्या जागी अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला. नळीचं लोखंड रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याइतकं पातळ राहिलं होतं. सुभद्राबाईनं नळी खाली ठेवली आणि हात लुगड्याला पुसले. हौदात त्या पाण्याचा पाइप जिथं पडतो, तिथं तिचीच जागा होती.

शेठजींना बोलावलं. ते येईपर्यंत मोठा फिटर साहेबांच्या कानाशी लागला. मी बाटल्या धूत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "साहेब, नळ्या कच्च्या होत्या म्हना. माल हलका निंगाला म्हना. कोन पाहाले बसलं? मी बी तेच सांगतो."

साहेबांनी काढलेल्या नळ्या दाराशी एका ओळीत मांडल्या. शेठजी आले, नळ्या पाहिल्या, हात लावला. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, साहेब, तुमचं खरं होतं. कंपनीनं मालच खराब दिला होता काय?

एवढं "हो" म्हटलं असतं तर झालं असतं. शेठजींनीच वाट करून दिली होती. दाराशी बसलेल्या बायांना, आत मलाही वाटत होतं, हो म्हणा.

"नळ्या चांगल्या होत्या," साहेब म्हणाले. "पानी म्या जास्त सोडलं. दोन पंप लावाले नाई पायजे होते. बटन म्या दाबलं, अन् आवाज आल्यावर बी म्या दोन दिवस वाट पाह्यली. हे माह्याच हातानं झालं."

मग ते आमच्याकडे वळले आणि तेच पुन्हा सांगितलं, जसं काही शेठजींना सांगून पुरेसं झालं नव्हतं.

शेठजी मशीनघरात गेले, साहेब त्यांच्यामागे. मी आतच होते. शेठजींचा आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, तुम्ही खरं बोलले ते मी मानतो. पण माझा एवढा हंगाम गेला, आता मी तुमच्या भरवशावर निवांत कसा झोपू? चिलर चालू करून द्या, मग मोकळे व्हा. साहेबांनी मान हलवली. माझं लक्ष आहे हे पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. न बोलायचं मला कोणी सांगायची गरज नाही, तरी त्यांनी ते सांगितलं.

पुढचे दिवस ते जास्तच वेळ थांबले. नव्या नळ्या बसवल्या. जिथं नळ्या मधात फार लांब मोकळ्या होत्या, तिथं त्यांच्या रांगांमधून लोखंडी पट्ट्या घातल्या, तार मधात धरावी तशा. दुसऱ्या पंपाची वायर अशी जोडली की एक चालू असला तर दुसरा सुरूच होणार नाही. शेवटी चहा मागवला. तो आरशासारखा राहिला. तोही त्यांनी थंडच प्यायला.

चालू करायच्या दिवशी बाया हौदाशी आल्या, ॲप्रन बांधले, आणि उभ्या राहिल्या. कोणी हात घालेना. खिडकीत बाटली स्वच्छ होती. पण तो अंगठ्याखाली पडलेला खळगा सगळ्यांनी पाहिला होता. सुभद्राबाई हौदाची कड धरून पाण्याकडे बघत होती. साहेब आले. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या, पाइप पडतो त्या सुभद्राबाईच्या जागी गेले आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

आम्हाला वाटलं, दाखवण्यापुरतं करतील. पण ते तिथंच राहिले. संत्री धुवायला लागले. थोड्या वेळानं पलीकडच्या बायांनी हात घातले, मग सगळ्यांनी. साहेबांना काम काही येत नव्हतं. ते एकेक फळ घासत बसायचे. सुभद्राबाई म्हणाली, "साहेब, लेकराले आंघोळ घालून राहिले काय? चार चार उचला." त्यांनी चार उचलली आणि तीन पडली. हौदाच्या दोन्ही बाजूंनी हसू आलं, कितीतरी दिवसांनी. सुट्टी होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. त्यांचा आज शेवटचा दिवस आहे, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी बाटल्या भरत होते आणि खिडकीत लावत होते.

संध्याकाळी गेटवर साहेब डब्याची पिशवी घेऊन उभे होते. पिशवीची चेन लावायला बघत होते आणि त्यांना ती पकडता येत नव्हती. बोटं पांढरी पडली होती, वाकत नव्हती. सुभद्राबाईनं पाहिलं, पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि चेन लावून दिली.

साहेबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग विचारलं, "बाई, हे एवढं थंड असते काय हो रोज?"

"मंग काय साहेब," सुभद्राबाई म्हणाली. "घरी जाऊन तव्याले हात लागला तरी समजत नाई."

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, पॅसेंजरची वेळ होत आली होती. त्यांनी त्याला हातानं थांब म्हटलं, पिशवी सुभद्राबाईजवळ दिली आणि परत आत गेले. मी मशीनघराच्या दारात होते. त्यांनी चिलरचं थंड-गरमचं बटन त्या न वाकणाऱ्या बोटांनी पकडायला पाहिलं, जमलं नाही, मग दोन्ही तळहातांमध्ये धरून थोडंसं फिरवलं. मला म्हणाले, "फळाले एवढं थंड लागत नाई. उगाचच चालू होतं." आणि बाहेर जाऊन, पिशवी घेऊन ऑटोत बसले.

त्यांच्यानंतर नवे साहेब आले. त्यांनी फळ कापून, तपासून पाहिलं आणि बटन तिथंच राहू दिलं. त्या दिवसापासून आमच्या हौदाचं पाणी पहिल्याइतकं थंड नाही.